एकादशीला खरा उपास कोणाचा असतो?

बुरशीबाई, सकाळी ७:१०

काल आषाढी. आमच्याकडे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री उरलीसुरली खिचडी आणि वर साबुदाण्याची खीर. हात धुताना सासूबाई म्हणाल्या, "झाला बाई उपास." मी मनात म्हटलं, झाला खरा, पण तुमचा-माझा नाही. ज्यांचा झाला ते मोठ्या आतड्यात बसलेत, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. टोपणनाव त्यावरून, बुरशीशी वैर नाही. (मागच्या महिन्यात लोणच्यावर आली ती गोष्ट वेगळी.)

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. ती तोडायची कात्री आपल्याकडे आहे: थोडी लाळेत, बरीचशी स्वादुपिंडाच्या रसात. लहान आतड्याच्या सहाएक मीटरमध्ये माळ सुटते, मणी रक्तात जातात, खाली फारसं काही उरत नाही. खाली म्हणजे दीडेक मीटरचं मोठं आतडं, जिथे आपले बहुतेक सगळे जिवाणू राहतात. २०१६ साली नीट हिशेब मांडला गेला तेव्हा एका माणसातल्या जिवाणूंचा आकडा ३८ लाख कोटींच्या आसपास निघाला. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. एवढी मोठी पंगत शेवटी बसलेली, आणि वाढपी रिकामं भांडं घेऊन आलेला.

ही मंडळी जगतात आपल्याला न पचलेल्यावर. ज्वारीच्या कोंड्यातला चोथा, डाळीतल्या विचित्र साखरा, संत्र्याच्या सालीआतलं पांढरं, कांद्या-लसणातला फ्रुक्टान. म्हणजे बघा, कांदेनवमीला त्यांची दिवाळी झाली आणि दोनच दिवसांनी कडकडीत उपास. आमच्या सासूबाई तर चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, म्हणजे फ्रुक्टानवाल्यांची पुढचे चार महिने पंचाईत.

वर्गात मी हे दोन नळ्यांनी दाखवते. फिनॉल रेड घातलेलं लाल पाणी, त्यात एक छोटी नळी उपडी टाकलेली, तिला डरहॅम नळी म्हणतात. एका नळीत दुधातली साखर लॅक्टोज, दुसरीत स्टार्च. दोन्हींत आतड्यातलेच एक जिवाणू, ई. कोलाय, टाकायचे आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी लॅक्टोजची नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी, कारण साखर खाऊन आम्ल तयार झालं. उपड्या नळीच्या टोकाशी मुगाएवढा बुडबुडा अडकलेला. तो गॅस. स्टार्चची नळी मात्र कुंकवाच्या पाण्यासारखी लालच्या लाल. ई. कोलायकडे स्टार्चची कात्रीच नाही. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, हेसुद्धा नखरे करतात!"

करतात. प्रत्येकाचं ताट वेगळं. पण एक आहे जो जवळपास काहीही खातो. नाव बॅक्टेरॉइड्स थेटाआयोटाओमायक्रॉन, ग्रीक लिपीतली तीन अक्षरं जोडून ठेवलेलं. आम्ही बी. थीटा म्हणतो, नाहीतर तास नावातच संपतो. २००३ मध्ये त्याचा सगळा जनुकसंच वाचला गेला आणि लोक चाट पडले. अन्नातली कर्बोदकं तोडणारी एन्झाइम माणसाच्या स्वतःच्या जनुकांत वीसेकसुद्धा नाहीत. या एकट्याकडे अडीचशेच्या वर! ती सुटी पडलेली नाहीत, ८८ संचांत लावलेली आहेत. सुताराची पेटी वेगळी, गवंड्याची वेगळी, तसं. समोर पेक्टिन (संत्र्याच्या त्या पांढऱ्यातली साखर-साखळी) आलं की पेक्टिनची पेटी उघडायची, बाकीच्या बंद.

पहिली पेटी सापडली ती स्टार्चची. अमेरिकेत ॲबिगेल सॅल्यर्स यांच्या गटाने ती उलगडली. त्यातली गंमत अशी की हा जिवाणू एन्झाइम बाहेर सोडून देत नाही. स्टार्चची साखळी आधी स्वतःच्या अंगाला चिकटवून धरतो, तिथेच मोठे तुकडे करतो आणि तुकडे आत ओढून मग निवांत बारीक करतो. आत ओढायच्या दारावर एक प्रथिन झाकणासारखं बसलेलं असतं. तुकडा आला की ते मिटतं. पायाने दाबून उघडायच्या कचराडब्यासारखं, अशी उपमा खुद्द संशोधकांनी २०१७ मध्ये दिली. शेजाऱ्याला खरकटंसुद्धा मिळू नये याची एवढी काळजी आमच्या सोसायटीत पार्किंगच्या बाबतीतच पाहिली आहे.

आता मुद्द्याचं. पंगतीत वाढपी आलाच नाही तर?

२००५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत हेच पाहिलं. जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात एकटा बी. थीटा सोडला. चोथ्याचं अन्न होतं तेव्हा त्याने वनस्पतीच्या पेट्या उघडल्या. अन्न नुसत्या साध्या साखरांचं केल्यावर त्याने वेगळ्याच पेट्या काढल्या, उंदराच्या आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर कुरतडायच्या.

हा थर म्हणजे म्यूसिन. चिरलेल्या भेंडीची तार आठवा. प्रथिनाचा कणा आणि त्याला ब्रशच्या केसांसारख्या लागलेल्या साखरा. वजनात ऐंशी टक्क्यांपर्यंत साखरच. मोठ्या आतड्यात याचे दोन पदर असतात. बाहेरच्यात जिवाणू राहतात, आतला घट्ट आणि जवळपास जिवाणूमुक्त, तो आपल्या पेशींचं कुंपण. चोथा मिळाला नाही की पंगत भिंतीकडे वळते.

एका आषाढीने काही बिघडत नाही, थर सतत नवा तयार होत असतो. सासूबाईंचा उपास मोडायचा माझा इरादा नाही (हिंमतही नाही). पण मैद्याचे टोस्ट, पांढरा भात, बिस्किटं, परत पांढरा भात या हिशेबाने पाहिलं तर पुष्कळ घरांत यांची बारा महिने एकादशीच चालू असते. तुमच्याकडे काय शिजतं?

ठेचा_४४०, सकाळी ८:०२

मॅडम लय भारी लिवलं. पन एक सांगा, आमच्या घरी लाखोळीच्या डाळीचे वडे अन् गोळाभात झाला की रात्री कोनी कोनाशेजारी झोपत नाही. माह्या पोटातल्यायची रोजच दिवाळी हाय म्हना ना! हे फटाके काहून फुटते, अन् बंद कसे करायचे?

बुरशीबाई, सकाळी ८:४०

भाऊ, तुमच्या फटाक्यांची नावं रॅफिनोज, स्टॅकियोज आणि व्हर्बास्कोज. डाळी-कडधान्यांतल्या या साखरा. त्यातला गॅलॅक्टोजचा दुवा तोडायचं एन्झाइम आपल्या आतड्यात नाही, त्यामुळे त्या जशाच्या तशा खाली पोचतात आणि तिथे एकदम लूट होते. लुटीतून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन. या तिघांनाही वास नाही. वास येतो गंधकाच्या वायूंचा, ते एक टक्काही नसतात पण नाव त्यांचंच होतं.

उपाय तुमच्या आजीला माहीत असणार. या साखरा पाण्यात विरघळतात. डाळ सात-आठ तास भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा. मोड आणले तर आणखी कमी, कारण उगवताना बी स्वतःच त्या खातं. पार बंद मात्र करू नका. तो गॅस म्हणजे खालची चूल पेटल्याची खूण आहे.

शिळी_भाकर, सकाळी ९:१५

चूल पेटते म्हणजे नेमकं काय मिळतं आपल्याला? ते खातात, आपण फक्त ऐकतो?

प्रतापनगरचे_आजोबा, सकाळी ११:३०

याचं उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. नोकरीची अख्खी हयात सांडपाण्यात गेली (अक्षरशः नव्हे). आमचं नागपूर म्हणजे १९५८ पासून नीरीचं, पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचं गाव, इथे सांडपाण्यावर बोलायला लाजायचं कारण नाही.

गोबर गॅसच्या टाकीत जे होतं त्याचा अर्धा भाग तुमच्या पोटात होतो. टाकीत पहिली तुकडी चोथा तोडून साध्या साखरा करते. दुसरी साखरांची आम्लं करते: ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तिसरी त्या ॲसिटिक आम्लाचा मिथेन करते, पण ती मंडळी अत्यंत संथ. म्हणून टाकीत शेण महिना-दीड महिना ठेवावं लागतं. मोठ्या आतड्यातून माल साधारण एक-दोन दिवसांत पुढे सरकतो. संथ मंडळींना मुक्काम जमतच नाही. शिवाय आम्लं तयार झाली की आतड्याची भिंत ती लगेच शोषून घेते. तुमच्या पोटातला मिथेन होतो तो बहुतांशी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून, आणि तो करणारे सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात.

तेव्हा शिळी_भाकर, तुम्हाला मिळतात ती ही आम्लं. गाय आपल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग अशाच आम्लांतून काढते, कारण तिची टाकी पुढे आहे, पोटाच्या आधी. आपली टाकी मागे, म्हणून वाटा लहान. पुढचं मॅडम सांगतील, माझी धाव टाकीपर्यंत.

बुरशीबाई, दुपारी १:०५

आजोबा, तुम्हाला एकदा वर्गावर बोलवायला हवं.

त्यांच्या तीन आम्लांतलं ब्युटिरिक लक्षात ठेवा. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी रक्तातल्या ग्लुकोजवर कमी आणि या ब्युटिरिकच्या क्षाररूपावर, ब्युटिरेटवर जास्त जगतात. त्यांच्या इंधनाचा अर्ध्याहून मोठा वाटा त्याचा. म्हणजे चोथा आपण खातो, आम्ल जिवाणू करतात, त्यावर भिंत जगते आणि भिंत म्यूसिन करून परत जिवाणूंना घर देते. वाढपी आला नाही तर दोन्हीकडून मार. कुंपण कुरतडलं जातं आणि कुंपण घालणाऱ्याची भाकरीही जाते.

शिळी_भाकर, तुमच्या नावातच पुढचा धडा आहे. भात, भाकरी, बटाटा शिजवून गार केला की स्टार्चच्या काही साखळ्या परत एकमेकींना घट्ट बिलगतात, तिथे आपली कात्री शिरत नाही. तेवढा स्टार्च खाली जातो. त्याचं कुलूप काढणारा तिथला खास गडी म्हणजे रुमिनोकॉकस ब्रोमी. ज्यांच्या पोटात तो जेमतेम असतो अशा काही लोकांनी असा स्टार्च खाल्ला तर तो बराचसा तसाच बाहेर पडल्याचं दिसलंय. बाकीचे लाखो-कोटी बसून बघत राहिले, कुलूप कोणालाच उघडेना.

पण शिक्षिकेची सूचना: फोडणीच्या भातासाठी भात गार करायचा तो फ्रिजमध्ये. नागपूरच्या मे महिन्यात रात्रभर ओट्यावर ठेवाल तर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू तुमच्याआधी जेवेल. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याच्या उलटीच्या विषाला सकाळची फोडणी काही करू शकत नाही.

सदाशिवपेठी, दुपारी १:२०

नागपूरकरांनो, अवांतर. एका विदर्भीय मित्राने "सांबार जास्त टाक, पोटाला बरं" असं सांगितलं म्हणून मी भाजीत वाटीभर सांबार ओतलं होतं.

ठेचा_४४०, दुपारी १:२४

कोथिंबीर हो भाऊ कोथिंबीर 😂 सांबारवडीचं काय केलं असतं तुमी?

वैद्यकुलोत्पन्न, दुपारी २:४८

पाश्चात्त्यांनी उंदरांवर आता प्रयोग केले. आपल्याकडे ज्वरात लंघन हे कधीचं सांगून ठेवलेलं आहे. उपवासाने अग्नी प्रदीप्त होतो. आपण उलट म्हणताय की उपवासाने जिवाणू भिंत खातात. मग लंघन चुकीचं का?

बुरशीबाई, दुपारी ४:१०

चुकीचं म्हटलेलं नाही. उलट तुम्हाला आवडेल असं सांगते.

आजारी पडलं की भूक जाते, माणसाची तशी उंदराचीही. मग खालच्या पंगतीचं काय? २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांना संसर्गासारखा धक्का दिला की ते खाणं सोडतात, आणि त्याच वेळी लहान आतड्याच्या पेशी स्वतःच्या अंगावर फ्यूकोज नावाची साखर झपाट्याने चढवू लागतात. ती सुटून खाली जाते, जिवाणू ती खातात. ज्या उंदरांत ही सोय बिघडवली होती ते सावरायला मागे पडले. शरीर स्वतः जेवत नाही, पण आपल्या अंगावरची साखर उतरवून पाहुण्यांना वाढतं.

म्हणजे भिंतीवरून खाणं ही नेहमी चोरी नसते. पुष्कळदा ते आपणच काढून ठेवलेलं पान असतं. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये एक जिवाणू वेगळा केला गेला, ॲकरमॅन्सिया म्यूसिनिफिला. नावातच म्यूसिनची आवड. तो म्यूसिनवरच जगतो आणि निरोगी माणसांत सर्रास सापडतो. प्रश्न भिंत खाण्याचा नाही. वरून काहीच येत नसताना सगळ्यांनी मिळून फक्त भिंतच खाण्याचा आहे.

नवी_आई, सायंकाळी ५:३३

माझं बाळ अडीच महिन्यांचं. ते तर फक्त दूधच पितं, चोथा शून्य! म्हणजे त्याच्या पोटात रोज एकादशी?? वाचून जीव घाबरा झाला.

बुरशीबाई, सायंकाळी ५:५०

अगं, अजिबात नाही! उलट सगळ्यात थाटाची पंगत तुझ्या बाळाच्या पोटात चालू आहे.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर तिसऱ्या नंबरवर काय असतं सांग? शंभराहून जास्त प्रकारच्या छोट्या साखर-साखळ्या, एका लिटरमध्ये पाच ते पंधरा ग्रॅम. आणि बाळाला त्या पचत नाहीत. एवढी शक्ती खर्चून आईचं शरीर बाळाला न पचणारी वस्तू करतं, याचा अर्थ ती बाळासाठी नाहीच. ती बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिससारख्या जिवाणूंचं जेवण आहे. ते या साखळ्या आख्ख्याच्या आख्ख्या आत ओढून खातात, आम्ल करतात आणि त्या आंबट वातावरणात नको ते पाहुणे टिकत नाहीत.

याहून मजेशीर म्हणजे या साखळ्या म्यूसिनच्या साखरांसारख्याच घडलेल्या असतात. बी. थीटा दुधातल्या साखरा खायला म्यूसिनच्याच पेट्या काढतो. आईचं दूध आणि आतड्याची भिंत त्याच्या लेखी एकाच हातची चव. तू निवांत पाज.

नवी_आई, सायंकाळी ६:०२

डोळ्यात पाणी आलं हो. रात्री तीनला उठते तेव्हा आता एकट्यासाठी उठते असं वाटणार नाही 😅

प्रोटीन_पैलवान, रात्री ८:१९

माफ करा, पण हे जरा जास्तच होतंय. मी सात महिने भात-पोळी-भाकरी बंद करून अंडी, पनीर, चिकनवर आहे. अकरा किलो उतरलो, शुगर ताब्यात. पोटाची भिंत अजून जागेवर आहे. उंदरांच्या गोष्टी सांगून लोकांना भाकरीकडे परत ढकलू नका.

बुरशीबाई, रात्री ९:०७

अकरा किलो उतरवणं सोपं नाही, आणि शुगर ताब्यात आली असेल तर डॉक्टरांना न विचारता काहीही बदलू नका. भाकरी खाच असं मी म्हटलेलं नाही. ग्लुकोजचे मणी आणि चोथा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुम्ही पहिली सोडलीत, तिच्याबरोबर दुसरीही गेली, एवढंच माझं म्हणणं.

भिंतीबद्दलचं सांगते ते उंदरांतलंच, हे तुमचं बरोबर. २०१६ चा प्रयोग: निर्जंतुक उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातल्या १४ जातींचे जिवाणू वसवले. चोथा काढून घेतल्यावर म्यूसिन खाणारे वाढले, थर पातळ झाला, आणि मग सिट्रोबॅक्टर नावाचा रोगजंतू दिला तेव्हा त्यांना चोथा खाणाऱ्या उंदरांपेक्षा जबर आजार झाला. रोगजंतू येईपर्यंत तेही धडधाकटच दिसत होते. माणसांवरचा २०१४ चा अभ्यास आहे: पाचच दिवस नुसतं मांस, अंडी, चीज दिलं, तर चोथा खाणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण घसरलं आणि पित्तात टिकणाऱ्यांचं वाढलं. जेवण पूर्ववत केल्यावर तेही दोनेक दिवसांत बरेचसे मूळ पदावर आले.

तुमच्या चौकटीत बसेल असं सुचवते: जवसाची चटणी. जवस भिजवल्यावर जी तार सुटते तीच ही न पचणारी साखर, आणि ग्लुकोजचा धोका नाममात्र. अंबाडीची भाजी, गवार, मेथी. अंड्यांसोबत चालतं सगळं.

प्रोटीन_पैलवान, रात्री ९:३१

जवसाची चटणी चालेल. आईच्या हातची डबाभर पडलीये, मी तेल म्हणून बाजूला ठेवत होतो. बाकी मत कायम.

प्रोटीन_पैलवान, रात्री ९:३३

आणि कॅप्सूल? जिममध्ये प्रोबायोटिक (जिवंत जिवाणू भरलेलं) विकतात ते घेतलं तर चोथ्याची गरज संपते ना?

प्रतापनगरचे_आजोबा, रात्री १०:०४

टाकीत नवीन कल्चर ओतायचं आणि शेण घालायचं नाही. असं करणारे ठेकेदार आम्ही पाहिलेत. चार दिवसांत टाकी परत जिथल्या तिथे.

काटोलचा_बागवान, दुसऱ्या दिवशी सकाळी ६:४५

संत्र्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमची बाग आहे, आंबिया आणि मृग दोन्ही बहार घेतो. शहरातले पाहुणे आले की फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून सोलतात, मग फोडीचं कातडंही काढतात, मग फक्त रस चोखतात. माझा बाप म्हणायचा, संत्रं टाकून पाणी प्यायले. त्या पांढऱ्यात खरंच काही असतं का?

बुरशीबाई, सकाळी ७:३०

तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार. त्या पांढऱ्यात पेक्टिन असतं. वनस्पतींच्या भिंतीत असलेल्या साखर-साखळ्यांतली सर्वांत गुंतागुंतीची जी मानली जाते ती पेक्टिनचाच एक भाग आहे, नाव रॅम्नोगॅलॅक्टुरोनन-दोन. एकवीस वेगवेगळ्या प्रकारचे दुवे. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की आपला बी. थीटा त्यातले वीस तोडतो! ही सगळी अवजारं त्याने ठेवली ती कशासाठी, तर पुढेमागे कोणीतरी संत्रं धाग्यांसकट खाईल म्हणून. आणि आपण मिक्सर, गाळणी, रस.

टोकियोत_धरमपेठ, सकाळी ९:५८

इथे राहून आठ वर्षं झाली. नोरी, म्हणजे सुशीवरचं ते समुद्री शेवाळ, मला पचतं का? ऑफिसातले म्हणतात भारतीयांना पचत नाही.

बुरशीबाई, सकाळी १०:२५

ऑफिसातल्यांनी कुठेतरी २०१० चं संशोधन वाचलेलं दिसतं. नोरीत पॉर्फिरॅन नावाची साखर असते. समुद्रातल्या झोबेलिया नावाच्या जिवाणूकडे ती तोडायचं एन्झाइम सापडलं. मग शोध घेतला तर त्याचं जनुक जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका बॅक्टेरॉइड्समध्ये मिळालं, अमेरिकनांच्या नमुन्यांत मिळालं नाही. पिढ्यानपिढ्या न भाजलेलं शेवाळ खाल्लं गेलं, त्यावर बसून समुद्री जिवाणू पोटात उतरले आणि जाता जाता आपली पेटी तिथल्या रहिवाशाला देऊन गेले.

नोरीतली प्रथिनं, जीवनसत्त्वं तुम्हाला मिळतातच. पॉर्फिरॅन फक्त वाटसरूसारखं निघून जात असेल. त्याने अपाय होत नाही.

शिळी_भाकर, सकाळी ११:१२

म्हणजे पेट्या उसन्याही मिळतात. मग आमच्या पोटात लाखोळीची, ज्वारीची, अंबाडीची पेटी आजोबा-पणजोबांकडून आली असणार, आणि मी ती नूडल्स खाऊन गंजवतोय?

बुरशीबाई, सकाळी ११:४०

गंजण्याबद्दल उंदरांतलंच सांगते, पैलवानांनी रागावू नये. २०१६ मध्ये उंदरांच्या लागोपाठ चार पिढ्या कमी चोथ्यावर वाढवल्या. दर पिढीला जिवाणूंच्या काही जाती घटत गेल्या आणि शेवटच्या पिढीला परत चोथा दिला तरी हरवलेल्या सगळ्या आल्या नाहीत. नुसता चोथा पुरेना, जिवाणूही बाहेरून द्यावे लागले.

पण उत्साहाच्या भरात माझ्यासारखं करू नका. दोन वर्षांपूर्वी हे सगळं वाचून मी एका सोमवारी ठरवलं की आजपासून चोथा. सकाळी मटकीची उसळ, दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी आणि गवार, वर तीन चमचे जवस, चार वाजता दोन पेरू. पाच वाजता स्टाफ मीटिंग. एसीची बंद खोली, बावीस माणसं, आणि परीक्षेचं वेळापत्रक वाचताना सगळे अचानक गप्प झालेले. पुढे लिहीत नाही. डरहॅम नळीतल्या बुडबुड्याला जागा तरी असते.

तेव्हा हळूहळू. आठवड्याला एक पदार्थ वाढवा, पाणी भरपूर प्या.

ठेचा_४४०, सकाळी ११:५२

मॅडम 🙏🙏 आता आमचं दुःख समजलं तुमाले.

ठेचा_४४०, बारा दिवसांनी, रात्री ९:२०

रिपोर्ट देऊन राहिलो. डाळ रात्री भिजवली, पानी फेकलं, वडे केले. फटाके अर्धे झाले. बायको म्हनते अर्धे बी जास्त हायेत. पन आता एका खोलीत झोपतो.

बुरशीबाई, पंधरा दिवसांनी, दुपारी ३:१५

आज कामिका एकादशी. हा धागा सासूबाईंना त्यांच्या भिशीतल्या कोणीतरी वाचून दाखवलाय, हे मला आज सकाळी कळलं. ओट्यावर साबुदाणा भिजलेला नव्हता. रताळी सालासकट उकडून, गार करून ताटलीत मांडली होती, बाजूला दही आणि दाण्याचं कूट. मी बघतच राहिले.

"काय बघतेस?" म्हणाल्या. "तुझ्या त्या किड्यांना म्हटलं आज तरी वाढावं."

"आई, किडे नाहीत, जिवाणू."

"तेच ते. खातात ना?"

ठेचा_४४०, दुपारी ३:२२

काकूले सांगा, पुढच्या एकादशीले आमच्या पोटातल्यायले बी बोलावनं धाडा. डब्बा घेऊन येतो.